प्लास्टर राहिलेला बंगला

दिपेश म्हात्रेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शिडीवर उभा होता आणि माझ्या सगळ्यात आवडत्या भिंतीवर आपल्या काकाचं तोंड बांधत होता.

तोंड म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाचा. मधोमध गंगारामशेठ म्हात्रे, बिल्डर, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात चेन, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. बेलापूर गावात असले फ्लेक्स खांबाखांबावर असतात, त्याचं मला काही नाही. पण ही भिंत टिपणीसांच्या बंगल्याची होती, आणि तो बंगला वाचावा म्हणून मी ऑफिस सांभाळून गावभर वणवण करत होते. माझं डोकंच फिरलं.

"उतरा खाली," मी म्हटलं. "आणि यांना पण उतरवा."

त्याने शांतपणे खाली पाहिलं. "मॅडम, भिंत तर अजून कच्चीच आहे. प्लास्टर पण नाही झालं. टेन्शन कशाला घेता?"

यात त्याची एकट्याची चूक नव्हती, सगळं गाव असंच समजायचं. विश्राम टिपणीस मोठे आर्किटेक्ट. नवी मुंबई नुसती नकाशावर होती तेव्हा त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी स्वतःसाठी हे घर बांधलं. उघडं काँक्रीट, ना रंग ना गिलावा, मधोमध आभाळाला मोकळा चौक आणि चौकाच्या चारी बाजूंना रुंद रुंद पायऱ्या. आम्हाला आर्किटेक्चरच्या कॉलेजात त्याचे नकाशे शिकवायचे. गावात मात्र त्याचं नाव 'प्लास्टर राहिलेला बंगला'. बिचाऱ्या साहेबांचे पैसे संपले असणार, असं म्हणून लोक अजून हळहळतात.

मी त्याला खाली उतरवलं, त्याचा हात धरला — रागाने धरला, बरं का — आणि भिंतीवर टेकवला. काँक्रीट ओतताना ज्या फळ्या लावल्या होत्या, त्यांच्या लाकडाच्या रेषा आणि गाठी त्या भिंतीत जशाच्या तशा उमटल्या आहेत. हे मुद्दाम ठेवलंय, मी म्हटलं, गिलावा केला असता तर सगळं झाकलं गेलं असतं.

त्याची बोटं एका गाठीवर थांबली. मग हळूच म्हणाला, "आणि मी इथे खिळा ठोकणार होतो..."

हात मीच सोडवून घेतला. जरा उशिराच.

काकाचा फ्लेक्स समोरच्या खांबावर गेला आणि दिपेश दुसऱ्या दिवशी घर आतून बघायला आला; ऑफिसला जाण्याआधी मी रोज तिथे असायचेच. मग तिसऱ्या दिवशीही आला. गावात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, ते तो म्हणे 'पाचच मिनिटं' बंद करून यायचा आणि चहा संपला तरी पायरीवरून हलायचा नाही. चौकात ऊन कसं सरकतं ते बघायला येतो, असं त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, ऊन माझ्या पायरीवर असतं तेव्हाच बरं तुझं लक्ष असतं. त्यावर तो कान लाल होईपर्यंत हसला... आणि मी कपात बघत बसले.

एक गोष्ट त्याने लपवली नाही. याच जागी टॉवर बांधायचा म्हणून गंगारामशेठ मागे लागलेत, हे त्याने स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर मीच तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. कमालच आहे माझी.

घर होतं टिपणीसांच्या पत्नीच्या नावावर. सुनयनाबाई एकट्या राहायच्या, गुडघे दुखायचे, मुलगी पुण्याला बोलवत होती. बंगला जगासाठी जपावा म्हणून आम्ही कॉलेजच्या मित्रमैत्रिणींनी इन्स्टाग्रामवर मोहीम चालवली होती आणि तिला पार स्पेनमधून लाइक येत होते. मी मोठ्या हौसेने बाईंना ते दाखवले. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"लाइक चहाला येत नाहीत, प्रियदर्शिनी. हे घर लोकांसाठी आहे, असं विश्राम शेवटपर्यंत म्हणायचा. लोक कुठे आहेत? शेजारच्या गावातलं माणूस इतक्या वर्षांत पायरी चढलं नाही."

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. रविवारी सकाळी दारं उघडी ठेवायची. चौक भरला, तर घराचा ट्रस्ट करून ते शहराला द्यायचं. रिकामा राहिला, तर सोमवारी गंगारामशेठच्या कागदावर सही.

मला रडूच आलं. माझे वडील मार्केटात माथाडी, आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीत वाढलो. कॉलेजच्या सहलीत मी या चौकात पहिल्यांदा बसले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरले आणि कोणी 'सरक' म्हटलं नाही. असं बसायला मिळणं हा बंगलेवाल्यांचाच हक्क का असावा? एवढंच माझं म्हणणं होतं.

दिपेशने माझं रडणं संपू दिलं आणि म्हणाला, गावाला बोलवायचं तर फ्लेक्स लागतो. नुसता घराचा फोटो लावला तर लोकांना वाटेल विकायला आहे, म्हणून चेहरा पाहिजे. आणि तुला गावात कोणी ओळखत नाही, म्हणून सोबत माझा. काकांना काय सांगशील, असं मी विचारलं. "ते बघू," म्हणाला, पण घसा खाकरून. मी माझा सगळ्यात बरा फोटो पाठवून दिला, ताईच्या लग्नातला. काठापदराची साडी, नाकात नथ.

रविवारी मी चुलत्यांच्या स्कूटरवरून मागच्या रस्त्याने आले, माहितीपत्रकं मांडली आणि वाट बघत बसले. दहा वाजता फाटक वाजलं. सगळ्यांत पुढे दिपेशची आजी विमलबाई, मागे गजरे माळलेल्या बायका, कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात पेढ्यांचे बॉक्स. बघता बघता पायऱ्या भरल्या. माहितीपत्रक कोणी घेईना, सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीने माझी हनुवटी धरून वर केली आणि रंग उजळ आहे म्हणाली. तेव्हा मला घाम फुटला.

विमलबाईंनी मला फाटकापाशी नेऊन खांब दाखवला. एका बाजूला मी, नथीसकट. दुसऱ्या बाजूला दिपेश, फेट्यात. मध्ये बदामाच्या आकारात बंगला, आणि कडेने गुलाब. खाली 'आग्रहाचे निमंत्रण, सहकुटुंब या'. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण लग्नसराईत इथल्या गावांत असा फ्लेक्स साखरपुड्याचाच असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी दिपेशला शोधलं. तो खांबामागे उभा होता. सीझनमध्ये हाच लेआउट उघडा असतो, बोटं आपोआप चालतात, असं काहीतरी तो पुटपुटला. मी त्याला चांगलं सुनावणार, तेवढ्यात टेम्पो थांबला आणि त्यातून माझे वडील उतरले. मार्केटात कोणीतरी त्यांना फ्लेक्सचा फोटो धाडला होता. त्यांच्यामागोमाग आपल्या गाडीतून रेशमी कुडत्यात गंगारामशेठ. पुतण्याचा साखरपुडा आणि काकालाच निरोप नाही, म्हणून ते आधीच तापले होते.

आत लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी सूर धरला होता. माइक नाही, काही नाही, पण चौकातून तो आवाज असा घुमत वर गेला की टेम्पोतली माणसंही आत आली. सुनयनाबाई काठी टेकत बाहेर येऊन पायरीवर बसल्या. चौक गच्च भरला होता. मी जिंकले होते... फक्त गप्प बसायचं होतं.

पण मला ते जमेना. ज्या बाईंनी इतक्या सरळपणे अट घातली, त्यांना फसवून घर घ्यायचं? गाणं संपल्यावर मी उठले आणि सगळं सांगितलं. हा साखरपुडा नाही. फ्लेक्स चुकलाय. तुम्हाला घर बघायला बोलावलं होतं, कारण चौक रिकामा राहिला तर उद्या ते विकलं जाईल. ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, पेढे परत न्यावेत.

कोणी हललं नाही. गंगारामशेठ तेवढे उठले आणि आईला म्हणाले, चल. विमलबाईंनी पाय आणखी पसरले.

"साखरपुडा नाय तर नाय. आलो हाय तर बसतो. आमचं खलं असंच होतं, मधी उघडं, वरती आभाल. शेती गेली, खलं गेलं."

भात झोडायच्या खळ्यावर एकेकाळी सगळं गाव बसायचं, हे मला सुनयनाबाईंनी नंतर सांगितलं. गंगारामशेठ हळू आवाजात टॉवर, पार्किंग असं काही समजावू लागले.

"तुझा टावर वर जातो, गंग्या. आमाला बसाला खाली जागा पायजे."

मग त्यांनी लेकाला सोडून सुनयनाबाईंना विचारलं, आमच्या नातीची, ज्ञानेश्वरीची हळद इथे करू द्याल का? रस्त्यात मांडव घातला की गाड्या अडतात, भांडणं होतात. सुनयनाबाई डीजे नको म्हणाल्या. विमलबाई म्हणाल्या, नको तर नको. तेवढ्यावर सौदा झाला, आणि सुनयनाबाईंनी मला जवळ बोलावून सांगितलं की उद्या वकिलाला ट्रस्टचे कागद करायला बोलाव. गंगारामशेठ गॉगल पुसत बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनीही पेढा घेतला.

माझे वडील इतका वेळ भिंतीला हात लावून उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं काय करतंय?"

"फ्लेक्स छापतो, आबा."

"त्ये दिसलंच," ते म्हणाले, आणि मिशीत हसले.

ऊन उतरल्यावर दिपेश फ्लेक्स काढायला शिडीवर चढला. मी खाली शिडी धरून उभी होते. एक प्रश्न मला सकाळपासून छळत होता.

"खरंच चुकून?"

"छापताना चुकूनच." तो थोडा थांबला. "बांधताना कळलं. दोन गाठी मारून झाल्या होत्या... मग नीट बघितलं."

"आणि?"

"आणि राहिलेल्या दोन पण मारल्या." वाऱ्याने फ्लेक्स फडफडत होता, त्यावर आम्ही दोघं हलत होतो. घाबरला की त्याची गावची बोली बाहेर येते, तशी ती आली. "मना तू आवडतंस, प्रियदर्शिनी. त्या भिंतीला हात लावला ना, तवापासून."

याच उत्तराची मी वाट बघत होते. पण मी पण मीच.

"फ्लेक्स उतरव," मी म्हटलं.

त्याचा चेहराच पडला. गुपचूप त्याने एकेक गाठ सोडवली, अगदी शेवटची राहीपर्यंत.

"यातला माझा फोटो जुना आहे," मी म्हटलं. "आपल्या साखरपुड्याला नवीन काढू. याच भिंतीपुढे."

शिडी जोरात हलली. मी ती घट्ट धरून ठेवली.