तीनशे बारा स्थळं

गोरेगावच्या थांब्यावर दुपारची एसटी येऊन थांबली, धुरळा खाली बसला, आणि दारातल्या कंडक्टरनं एक जाडजूड वही उंच धरून हाक दिली, "ग्यानबा तात्यांची जनका कोन हाय हो इथं?"

जनका गर्दीतून पुढं घुसली. काल हिंगोलीहून येताना तात्या ही वही गाडीतच विसरले होते आणि तेव्हापासून घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. कसा उतरेल? तात्या म्हणजे पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवणारा माणूस. कोणाचं पोरगं, कोणाची पोरगी, कूळ, मामेकूळ, उंची, शिक्षण – तीनशे अकरा स्थळं त्या एका वहीत! तुळशीचं लगीन दहा दिवसांवर आलेलं, आणि वहीचा पत्ता नाही.

"मीच जनका. द्या हिकडं."

"अशी कशी देऊ? ओळख पटाया पायजे." त्यानं शांतपणे पान उलटलं. "पान सत्तावन्न. उंची बेताची, सातवी पास, आवाज मोठा... सैपाक बरा."

"बरा?" जनका कडाडली. "नुस्ता बरा? तात्यांनी असं लिवलं?"

"आवाजाची तर ओळख पटली," तो म्हणाला आणि असा काही गालात हसला की जनकाला पुढचं भांडण आठवेचना.

तेवढ्यात तात्या धापा टाकत पोचले. वही छातीशी धरली, कंडक्टरला ओढत घरी नेलं. गाडी परत फिरायला पाऊण तास होता. चहाची कपबशी हातात देता देता तात्यांनी धंद्याचा प्रश्न टाकलाच. "लगीन झालं का तुमचं?"

"न्हाई."

"जनके, लिव्ह!"

झालं. जनका पेन घेऊन बसली.

"नाव?"

"अमृतराव."

"गाव?"

"शिरड शहापूर."

"सोभाव?"

"ते तुमीच पाहून लिव्हा की. मी समोरच बसून राहिलो."

तिनं पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खाली मान घालून लिहिलं – 'बोलतो लई.' तीनशे बारावं स्थळ.

जाताना अमृतराव तात्यांना म्हणाला, "एकाच वहीवर सारा भरवसा काहून ठेवता? आमच्याकडं कागद लिवला की खाली कार्बन असतोच. नक्कल करून ठेवा. आन् तीबी दुसऱ्या गावी. आग लागली तर दोनी संगं जळाया नको."

तात्यांना ते लाखाचं बोलणं वाटलं. पुसेगावला त्यांचे दोस्त दगडोबा होते, तेही सोयरिकी जुळवणारे. नक्कल त्यांच्या पेटीत ठेवायची, त्यांनाही कामाला येईल! पहिली दीडशे पानं अमृतरावानं हिंगोलीला नेऊन उतरवायची, उरलेली जनकानं, असं ठरलं.

मग काय, दुपारची गाडी आली की कंडक्टर वही घेऊन हजर! कधी ह्या पानावरचं अक्षर लागत नाही, कधी त्या पोराची उंची खरी वाटत नाही...

"इतक्यांदा इचाराया येता, वाचता येतं का तुमाला?" जनका विचारायची.

"वाचता येतं. पण इथं आल्यावर समजतं."

पाऊण तास कसा सरायचा, कळायचंही नाही. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मात्र जनकाला करमायचं नाही. आपल्याला काय झालंय ते तिला नीट ठाऊक होतं. पण सांगणार कोणाला? सोयरिकी जुळवणाऱ्याच्या पोरीनं आपली सोयरिक आपणच जुळवली तर गाव फिदीफिदी हसलं असतं.

आणि एक दिवस शेवटचं पान आलं. तीनशे बारा, अमृतराव, शिरड शहापूर. हे नाव दगडोबांच्या पेटीत गेलं की दहा घरांत फिरणार. दहा पोरी! नोकरीवाला पोरगा, असा देखणा... महिनाभरात अक्षता पडल्या असत्या. तिनं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"ताळा केला का दोनी वह्यांचा?" तात्यांनी विचारलं.

"केला," जनका म्हणाली. "व्हय, केला," अमृतरावही म्हणाला. खरं तर दोघांतल्या एकानंही केला नव्हता. नक्कल त्यानं जाताजाता पुसेगावला पोचवली.

पंधरा दिवसांनी आठवडी बाजारात तात्या घोंगडीचा भाव करत उभे राहिले आणि मागं ठेवलेली वही एका बकरीनं खाल्ली. थोडीथोडकी नाही, पुठ्ठ्यापर्यंत! तात्यांनी कपाळावर हात मारला, पण मग एकदम हसले. "नक्कल हाय ना आपली!"

दुसऱ्या दिवशी बासंब्याचे जळबा पाटील ओसरीवर येऊन बसले. "तात्या, दुपारच्या गाडीवरचा कंडक्टर माझ्या पोरीसाठी मनात भरला. त्याचं कूळ, मामेकूळ सांगा."

आत पीठ मळणाऱ्या जनकाचे हात थांबले. अस्सा राग आला तिला त्या पाटलांचा!

नेमका तेव्हाच अमृतराव दारात आला, काखेत तात्यांच्या निरोपावरून पुसेगावहून आणलेली नक्कल.

"ह्येच की!" पाटील खुलले. "ह्यांनाच इचारू."

"तोंडी कारभार आपला न्हाई. लिवलेलं तेच खरं," म्हणत तात्यांनी वही उघडली. शेवटचं पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. बोट लावून सगळी स्थळं मोजली आणि त्यांचा चेहरा पडला. "तीनशे दहा? दोन कुठं गेली?"

दोन? जनका उंबऱ्यापर्यंत आली. तिनं तर एकच गाळलं होतं!

तात्यांनी भराभर मागं उलटलं. छप्पन्नच्या पाठोपाठ अठ्ठावन्न. "सत्तावन्न न्हाई..." त्यांनी मान वर केली. "ही पानं कोनी उतरवली?"

अमृतराव टोपी काढून उभा राहिला. "मी, तात्या. चूक न्हाई झाली, मुद्दाम गाळलं. ह्यांचं नाव परक्या गावच्या पेटीत ठेवाया माझा हात चालंना. कोनी मागनी घातली असती तर... मला सोसलं नसतं."

"आन् तीनशे बारा?" तात्यांचा आवाज आता हळू झाला होता.

पिठाचे हात तसेच धरून जनका बोलली. "मी गाळलं. ह्यांना कोनी नेऊ नये म्हनून."

मग जळबा पाटीलच मांडीवर थाप मारून हसत उठले. "चला, आमी दुसरं घर पाहतो. इथली नक्कल लई पक्की हाय!"

तात्यांनी वही मिटली. तीस वर्षांत त्यांनी कधी कोणत्या पोरीला विचारलं नव्हतं, तो प्रश्न आज लेकीला विचारला. "पोरी, तुला पसंत हाय?"

"हाय तात्या. लई पसंत हाय."

थांब्यावर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. अमृतराव टोपी घालून निघाला, दारात थांबून तिच्याकडं पाहत म्हणाला, "मंग... रविवारी मायला घेऊन येतो."

"रविवारी काहून?" जनका म्हणाली. "उद्या गाडी न्हाई का?"