मास्टर खाली, ड्राइव्ह वर

आठवडाभर मी लिफ्ट दुरुस्त करते आणि शनिवारी दुपारी बेस गिटार वाजवते. दोन्हीकडे काम एकच, खालून येणारा आवाज नीट ऐकायचा. लिफ्ट कुरकुरली की त्याला कारण असतंच. बेअरिंग गेलेलं असतं, नाहीतर दोर सैल झालेला असतो. भूतबीत सांगणाऱ्या माणसाला मी सरळ जिना दाखवते.

आमची तालीम दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात चालते. आम्ही तिघंच. एक गायक, तो गिटारही वाजवतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. ड्रम्सवर माझा धाकटा भाऊ, लहानपणापासून सगळे त्याला तडतड्या म्हणतात. तिसरी मी. तडतड्याचा राग कायम नाकावर. मागे गाडी लावण्यावरून त्याने एकाचा जबडा मोडला होता. कोर्टाने समज देऊन सोडलं, पण भावजयीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, याने पुन्हा कोणावर हात उचलला तर मी लेकीला घेऊन निघाले. तुमच्या भरवशावर थांबलेय." तेव्हापासून तालमीत माझा एक डोळा त्याच्या हातांवर असायचा.

अ‍ॅम्प म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा खोका, तो मी जुना घेतला होता. आत काचेच्या ट्यूब, वजन एवढं की उचलायला दोघं लागतात. मास्टरच्या बटणाने एकूण आवाज कमीजास्त होतो. ड्राइव्हच्या बटणाने ट्यूबला पिळायचं. जितकं जास्त पिळाल तितका सूर फाटतो, गुरगुरतो. आधीच्या मालकाने ड्राइव्हशेजारी पत्र्यात एक स्क्रू आवळून ठेवला होता, बटण अर्ध्याच्या पुढे जाऊ नये म्हणून. लिफ्टलाही असा अडसर असतो, आणि तो काढायचा नाही हे आमच्यातला नवशिकाही जाणतो.

मग वरच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. "अहो, माझ्या हातात ड्रिल असतं आणि तुमच्यामुळे पेशंट खुर्चीसकट हलतो." त्यांचं बरोबरच होतं. मी मास्टर कमी केला, पण हळू आवाजात ती गुरगुर काही येईना.

"मास्टर खाली, ड्राइव्ह वर," गायक म्हणाला. "सगळे असंच करतात."

तडतड्याने पक्कड घेऊन स्क्रू उपटला. "काय बघतेस ताई? स्क्रूच आहे, दाढ नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. तार छेडली, सूर विझत आला आणि त्याच्या शेपटीला एक धप्प. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा. मला ट्यूबचा संशय आला. ट्यूब बिघडली की कानासारखी होते, खोलीतली खडखड उचलते. मी पेन्सिलीने एकेक ट्यूब टिचकावून पाहिली. सगळ्या धडधाकट. तरी नव्या बसवल्या. पुढच्या शनिवारी तडतड्या काठ्या खाली ठेवून चहा पीत होता, आणि धप्प आलाच.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. मास्टर अजून खाली गेला, ड्राइव्ह अजून वर. आता धप्प एकटा नव्हता. एक धप्प, दुसरा धप्प, मग कोणीतरी दम लागल्यासारखं बोलायचं, "बस... बस." मग थोडी शांतता, आणि तिसरा धप्प, सगळ्यांत जोराचा. त्याच्यामागे तार सुटल्यासारखी एक लांब झणझण. त्या दोघांना फक्त गुरगुर ऐकू यायची. "मस्त येतोय," गायक म्हणायचा.

आमची टाळकीही फिरायला लागली होती. गायकाने क्षुल्लक कारणावरून कप भिंतीवर फोडला. कामावर मी सहकाऱ्याची कॉलर धरली, आणि धरल्यावर मला बरं वाटलं. तडतड्या मात्र गप्प असायचा. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. तो आवाज पुढे घडणाऱ्या मारामारीचा आहे, त्यातले फटके त्याचे आहेत आणि "बस" म्हणणारा गायक आहे, हे मी मनोमन धरून चालले होते.

मी सरळ सांगितलं, "हा अ‍ॅम्प मी विकते."

"पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे," गायक म्हणाला. "तेवढा होऊ दे."

त्याच दुपारी तडतड्याचा ठेका चुकला. गायक हसला. "बायको गळ्यात पट्टा बांधून पाठवते, मग हात कसे चालणार?"

तडतड्या ड्रम ओलांडून आला. झांज कोसळली. त्याने गायकाला भिंतीवर आदळलं, दोन्ही हातांनी गळा धरला आणि त्याला टाचांवरून वर उचललं. गायकाचे ओठ निळे पडले. मी ओरडले, भावाच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, लेकीची शपथ घातली. त्याला काही ऐकू जाईना.

माझ्या गळ्यात बेस होता. मी पट्टा काढला आणि बेस दोन्ही हातांनी धरला.

पहिला फटका खांद्यावर बसला. केबल अजून जोडलेली होती. अ‍ॅम्पमधून आवाज आला, धप्प.

मी तो ओळखला.

दुसरा बरगड्यांवर. गायक सुटून खाली पडला, खोकत दाराकडे सरपटला.

तडतड्या पाय पसरून जमिनीवर कोसळला. एक हात वर केला. "बस, ताई... बस."

तिथे थांबायचं होतं. सगळं संपलं होतं, गायक जिवंत होता, भावाचे हात रिकामे होते.

मी थांबले नाही.

तिसरा गुडघ्यावर. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. जाड तार तुटली आणि झणझण कितीतरी वेळ चालू राहिली.

पोलिसांना त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. गायकानेही री ओढली. जिन्याचीच गोष्ट खरी मानून भावजय माझे हात धरून रडली. "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं." हॉस्पिटलात मी तडतड्याला भेटायला गेले. तो फक्त माझ्या हातांकडे बघत राहिला, जशी मी इतकी वर्षं त्याच्या हातांकडे बघत होते.

काल मी अ‍ॅम्प विकण्याआधी तपासायला तळघरात गेले. गिऱ्हाइकाला चालू स्थितीत द्यावा म्हणून बेसला नवी तार लावली, जोडून पाहिलं. मास्टर जवळजवळ बंद, ड्राइव्ह शेवटपर्यंत. एकच सूर छेडला.

धप्प आला नाही. जीव भांड्यात पडला.

मग सुराच्या शेपटीला ठक. पाय घासत ओढल्याचा आवाज. पुन्हा ठक. कोणीतरी जिना उतरत होतं. मी वळून पाहिलं, जिना रिकामा होता. अ‍ॅम्पमध्ये ठक अगदी जवळ येऊन थांबला. मग हवा कापल्यासारखं काहीतरी, आणि मी बटण बंद केलं.

घरी पोचते तोच भावजयीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, उद्या घरी सोडतायत. आज कुबडीही मिळाली. लाकडी हलकी असते म्हणून मी तीच घेत होते, पण तुमचा भाऊ ऐकेल तर शपथ. म्हणाला, लोखंडीच हवी."