करवलीच्या हातातला जपानी कलश

"त्या कपाटाला हात फक्त तुझाच लागतो," अण्णासाहेब म्हणाले आणि राजनंदिनीचा चेहरा उतरला.

अण्णासाहेब परतूरचे निवृत्त चित्रकला शिक्षक. जुनी चिनी-जपानी भांडी जमवायचा त्यांना भारी नाद. तांब्याच्या भांड्यावर बारीक तारांची नक्षी बसवायची, तारांमधल्या घरांत रंगीत काच भरून भाजायची, असं ते नाजूक काम. सुट्टी लागली की गल्लीतली राजनंदिनी ती भांडी मऊ फडक्यानं पुसायची. आज मोरपंखी जपानी कलश गायब होता आणि काल तो शेवटी तिनंच पुसला होता.

"मी न्हाई नेला, अण्णा."

अण्णांनी कपाटाला कुलूप लावलं. तेच तिला फार लागलं.

"तोंड पाडून बसलीस कशाला? शोधू की," तिचा दोस्त प्रितम म्हणाला.

"आधी जेवू," दुसरा दोस्त सोमेश्वर म्हणाला. शेजारी लग्न होतं आणि त्याचं नाक केव्हाच मांडवात पोचलं होतं.

मांडवात नवरीमागं सहा वर्षांची रूपाली करवली म्हणून उभी होती. हातात रंगीत करा, वर नारळ.

"प्रितम, तिचे हात बघ," राजनंदिनी कुजबुजली.

"स्वच्छ तर हायेत."

"तेच ना! मातीचा करा पाझरतो, रंग हाताला लागतोच. मी करवली झाल्ते तेव्हा सगळा फ्रॉक लाल झाल्ता. हिच्या अंगावर ठिपकासुद्धा न्हाई."

ती जवळ सरकली. कऱ्यावरच्या नक्षीतल्या फुलांभोवती सोनेरी तारा चमकत होत्या. अण्णांचाच कलश! आणि रूपाली पेंगत होती. कलश पडला तर काचेचे टवकेच उडणार. पण भर लग्नात करवलीचा करा हिसकावून कसं चालेल?

सोमेश्वरनं पंगतीतला तांब्या उचलला. प्रितमनं त्यावर कुंकवाची बोटं ओढली.

"रूपाली, हात दुखले ना? हा हलका घे," राजनंदिनी म्हणाली. अक्षता पडल्या, त्या गडबडीत नारळ तांब्यावर ठेवून अदलाबदल झाली. कुणाला पत्ताही लागला नाही.

लागला तो फक्त अण्णांच्या पुतण्याला, लग्नाची धावपळ करणाऱ्या कल्याणकाकांना. ते धावत आले. "अगं, करा कुठं नेतेस? आमचा सकाळी फुटला, मंग जल्दीत अण्णांच्या कपाटातून हा आणला मी!"

मागं अण्णा उभे होते. काकांनी जीभ चावली.

"पोरांनी लग्नाला बिलकुल धक्का लागू दिला न्हाई," नवरीची आई केशरबाई कौतुकानं म्हणाली.

अण्णांनी सगळ्यांदेखत राजनंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "चाळीस वर्षं मी पोरांना नीट बघायला शिकवलं. आज मीच बघितलं न्हाई, हिनं बघितलं. चुकलो, बेटा."

इतका वेळ आवरलेलं रडू तिला तेव्हा आलं, आणि रडता रडता ती हसली.