एका जिलबीचा आग्रह

आईच्या पोटाचं ऑपरेशन केलं, मग तिचं हृदय कसं सुधारलं? सहा महिने हे कोडं जुईच्या डोक्यात घोळत होतं, पण विचारायचं कुणाला? वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं वचन तिनंच आईकडून घेतलं होतं. लोक हसले तर?

सन २०६४ उजाडलं, तरी बारशाची पंगत आणि तिथला आग्रह काही सुटला नव्हता.

"माझी शपथ आहे वहिनी, एक तरी!" शैलाकाकूंनी आईच्या पानात जिलबी वाढलीच. आईनं जुईकडे पाहिलं. जुईनं मान खाली घातली. आईनं मुकाट्यानं जिलबी खाल्ली.

थोड्याच वेळात आईला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली. जुईनं तिला आतल्या खोलीत नेलं. रुग्णालयानं दिलेला नाडी नावाचा इवलासा रोबो आईच्या मनगटावर होता.

"घाबरू नका," नाडी म्हणाला. "पोट लहान केलंय, त्यामुळे साखर झरकन आतड्यात उतरली. पडून राहा, ओसरेल."

"हृदयाला काही झालं?" जुईनं विचारलं.

"नाही. हे बघ." नाडीनं भिंतीवर चित्र उमटवलं. "आधी हृदयाला फार जोर लावावा लागायचा, म्हणून त्याची भिंत जाड झाली होती. रक्तदाब आणि साखर वाढलेली, धमन्या (हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या नळ्या) ताठर. ऑपरेशननंतर थोड्याशा खाण्यातच पोट भरतं. संप्रेरकंही (शरीरात निरोप पोहोचवणारी द्रव्यं) बदलतात, भूक आवरते. वजन, साखर, दाब उतरले. धमन्या सैलावल्या, हृदयाची जाडीही कमी होतेय."

"म्हणजे धोका टळला?"

"कमी झाला. पथ्य, चालणं, तपासण्या मात्र जन्मभर."

"आई, तू काकूंना सांगितलं का नाहीस गं?"

"तुला शब्द दिला होता ना."

जुईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला जपायचं, तिलाच आपण गप्प बसवलं होतं.

ती तडक बाहेर गेली. सगळी पंगत बघत होती. तिचे कान तापले.

"काकू, आईचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. तिला गोड चालत नाही. मीच तिला लपवायला लावलं. चुकलं माझं."

काकूंनी जिलब्यांचं ताट खाली ठेवलं. जुईला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "मलाही डॉक्टरांनी तेच ऑपरेशन सुचवलंय गं, दोन वर्षं झाली. लाजेपायी घरातसुद्धा बोलले नाही. तुझ्या आईशी बोलू का जरा?"