कडुनिंबाची डहाळी

आचल, ते दार लोटून घे अन् बस. साकेत, तुला हसायचं असेल तर आत्ताच उठून जा. हे माझ्या भाच्याचं, पियुषचं झालेलं आहे, ऐकीव नाही.

पोळ्याची रात्र होती, अमावास्या. दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा तान्हा पोळा, आणि पियुषच्या पोरीचा लाकडी नंदी हिंगणघाटला सुताराकडे चाकं बसवायला दिलेला. तो आणायला पियुष गेला. त्याचा धाकटा भाऊ रजत तिथंच कामाला, त्यालाही सोबत घेतलं, गाड्या दोन. निघताना रजतला हुक्की आली.

"दादा, जुन्या लोखंडी पुलावरून जाऊ. तू चाल, मी पेट्रोल टाकून आलोच."

वणा नदीवरचा तो पूल अरुंद. दुरुस्ती चालायची तेव्हा एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत. शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती कडुनिंबाची डहाळी देत. त्याने ती पलीकडच्या माणसाला दिली, की पुलावर कोणी उरलं नाही असं समजून तिकडची वाहनं सुटत. ती दुरुस्ती संपून आता वर्षं झाली.

तरी पुलाच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. डोक्याला फडकं. त्याने डहाळी पुढं केली.

"घे. तू आखरीचा."

"माया भाऊ येऊन राह्यला ना मांगून."

"नाई... तुया मांगं कोनी नाई."

पियुषने डहाळी घेतली. अर्ध्या पुलावर त्याच्या ध्यानात आलं... दुरुस्ती कुठं चालू आहे? मागं पाहिलं. काळोख. रजतच्या गाडीचा दिवा नाही.

पलीकडे दुसरा माणूस. हात पुढं केलेला.

"दे."

रजतला त्याने कडेवर घेऊन हिंडवलेलं. ही डहाळी दिली, तर मागं कोणी उरलंच नाही असं ठरेल, मग रजत...

"नाई देत."

"दे..."

त्याने ती छातीशी धरली. खाली पाणी. लोखंड करकरलं. त्या माणसाचा हात तसाच पुढं.

...

मग लांबवर एक दिवा हलला. आला... आला. रजतच.

"दादा, काऊन थांबला गा?"

समोर कोणी नव्हतं.

नंदी घरी पोहोचला, पोरीचा तान्हा पोळा झाला. रजत खुशाल आहे. डहाळी पियुषने दाराच्या चौकटीत खोचून ठेवली. टाकायची हिंमत नाही, आणि कोणाला द्यायची तर नाहीच. त्यानंतर तीन पोळे झाले.

परवा मी त्या डहाळीला हात लावून पाहिला. एकही पान सुकलेलं नाही. देठ ओला होता... आत्ताच मोडल्यासारखा.