पानांचा हिरवा

क्योटोच्या देवळामागच्या खोलीत सायोने पेटी उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फुजीच्या वेलीवरच्या फुलांचा, एकावर एक झग्यांचा साज होता: वरून जांभळा, मग फिकट होत होत पांढरा आणि सर्वांत आत पानांचा हिरवा. हिरवा झगाच नव्हता. तो घरी दांडीवर राहिला होता.

"पानांशिवाय फूल? लोक हसतील गं!" म्हणत जोडीदारीण हात्सुए धावत सुटली.

तिला शिकवणाऱ्या इकुनोबाई हिवाळ्यात वारल्या. त्यांच्यामागे दरबारी पोशाख नेसवण्याचं हे सायोचं पहिलंच काम; आज चुकलं तर बाईंचं नाव बुडणार होतं. बाई नेहमी नेसणारीच्या मागे उभ्या राहत, सायो पुढे गुडघ्यांवर. पुढचीने मान वर करायची नाही, दोघींनी बोलायचं नाही, असा रिवाज. थर नीट बसला की बाई नेसणारीच्या खांद्यावर दोनदा थोपटत. मग सायो दोरी बांधायची आणि आधीच्या थराची काढून घ्यायची.

मिरवणुकीचा ढोल वाजला. आता थांबणं शक्य नव्हतं. मिरवणुकीत राजकन्या होणारी मिओको समोर उभी राहिली. सायोने मान खाली घातली. देवा, हात्सुएला पंख फुटू देत.

मागे रेशीम सळसळलं. मिओकोच्या खांद्यांवरून हिरवा झगा अलगद खाली आला.

सायोचा जीव भांड्यात पडला. आली बया वेळेवर!

खांद्यावर दोनदा थोपटल्याचा आवाज. सायोने दोरी बांधली. पांढरा. पुन्हा थोपटणं, पुन्हा दोरी. मग जांभळे. गळ्याशी प्रत्येक रंग तांदळाच्या दाण्याएवढाच डोकावत होता. हात्सुएला हे कधी जमलं नव्हतं. आज हिला पोटभर गोड खाऊ घालायचं, असं सायोने ठरवून टाकलं.

मिओको बाहेर पडली. "अगं बाई, काय फुललीये पोर!" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात घामाघूम हात्सुए दारात.

"मेल्यांनी सगळे रस्ते अडवलेत! हा घे तुझा हिरवा."

सायोने तो घेतला. मग बाई जिथे उभ्या राहत, त्या रिकाम्या जागेपुढे तिने चटईला कपाळ टेकवलं. भीती वाटायला हवी होती. डोळे भरून आले ते मायेने.

"बाई, उपकार झाले."

दुपारी मिओको हसतच परतली. "मागच्या ताईंचे हात किती ऊबदार हो!"

हात्सुएने आपले हात मागे लपवले.

सायोने शेवटची दोरी सोडली. मिओको अलगद बाहेर सरकली. झगे टाकलेल्या कातीसारखे तसेच उभे राहिले. सायो एकेक थर उचलू लागली. जांभळा. फिकट. पांढरा.

हिरवा.

काठावर तिनेच शिकताना घातलेले वेडेवाकडे टाके. हा झगा तिने स्वतः बाईंच्या शवपेटीत ठेवला होता. पेटीसकट तो जळला होता.

तिने हळूच, बाईंनी शिकवलं होतं तशीच, त्याची घडी घातली.

गळ्याच्या दुमडीत चिमूटभर राख होती. अजून गरम.