बाबांचा ठेका

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले आणि हॉलच्या मॅनेजरचा निरोप आला: ड्रम उचला, तळघर रिकामं करा.

त्या तळघरात बाबांनी चाळीस वर्षं जॅझ वाजवला, बँड चालवला. अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी ड्रमच्या काठ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं, तर एकट्या डाव्या हाताने वाजवायला लागले. "ठेका काय डॉक्टरला विचारून येतो?" म्हणायचे.

मी कानांची तपासणी करते. भास कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणून घडलं तेवढंच सांगते.

सामान आवरायला दुपारी गेले, तर बँडची मंडळी आधीच हजर. ट्रंपेटवाल्या काकांनी माझं खोकं पायाने बाजूला सारलं.

"माणूस गेलाय, बँड नाही. बसा रे सगळे."

ड्रममागचं स्टूल रिकामं ठेवून त्यांनी सुरुवात केली. तिसऱ्या गाण्यात, बाबांना दादा म्हणणाऱ्या पियानोवाल्या काकू पुटपुटल्या, "दादा घाई करतोय."

कुणी हसलं नाही. सगळ्यांची लय एकाच क्षणी वाढली.

मला ड्रम ऐकू येत नव्हता. मी छोट्या ड्रमवर तळवा ठेवला. कातडं थरथरत होतं. एवढी वाद्यं वाजताहेत, थरथरणारच, मी स्वतःला समजावलं.

गाणं संपलं. सगळे थांबले.

कातडं थांबलं नाही.

तेवढ्यात मॅनेजर तणतणत जिना उतरला. "आधी तो ड्रम बंद करा!"

"वाजवतंय कोण?" काकांनी विचारलं.

त्याने स्टुलाकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. आम्हीही सामान हलवलं नाही. रोज दुपारी बँड वाजत राहिला.

आठवड्याने मॅनेजर माझ्या दवाखान्यात आला. डोळे खोल गेलेले.

"ताई, कानातून जातच नाही हो. थांबेल ना?"

"बाबा कुणाच्या सांगण्यावरून कधी थांबले नाहीत," मी म्हटलं. "तळघर आमच्याकडेच राहील. ते कबूल करा, मग कान बघू."

त्याने मान डोलावली.

मी त्याला आवाजबंद केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवला, बटण दाखवलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. दार लावून यंत्रापाशी आले.

मी अजून एकही आवाज सोडला नव्हता. तरी यंत्रावर त्याच्या बटणाचा दिवा लागत होता. विझत होता. ठेक्यात.

काचेतून पाहिलं. त्याचे दोन्ही हात कानांवर होते.

बटण टेबलावर पडलं होतं.